हत्यारांवरचं कुंकू

बिराप्पा डॉक्टरांना कुणाला काम सांगता यायचं नाही. एवढा शिकलेला माणूस, डोळ्यांचं एम.एस. करत होता, मोतीबिंदू काढायला बसला की बघत राहावं असा हात, आणि वॉर्डातल्या शिपायाला ‘स्ट्रेचर आण’ म्हणायची जिभेला लाज. स्वतः जाऊन आणायचा. मी थिएटरची सिस्टर. सगळा जन्म डॉक्टरांच्या हातात चाकू-कात्री देण्यात गेला. तऱ्हेतऱ्हेचे डॉक्टर बघितले. चिडके, धांदरट, बायकोशी भांडून आलेले. पण या एका माणसानं माझा जेवढा जीव खाल्ला तेवढा कुणी खाल्ला नाही.

ही चौऱ्याहत्तर सालातली गोष्ट. सांगलीत एका ट्रस्टचा मोठा दवाखाना होता. नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत आणि भांडायला आता माझ्यात दम नाही. तिथं डोळ्यांच्या विभागात चार-पाच शिकाऊ डॉक्टर असायचे. त्यातला हा एक. गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या पलीकडं, माळावर. घर मेंढपाळाचं. बाप अर्जुना दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कऱ्हाड-उंब्रजच्या बागायतीकडं उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला परत जायचा. आई लहानपणीच गेली, तर रंगुबाई म्हणून चुलती होती, तिनं याला वाढवला. त्या घरात थोरल्यानं बोलायचं आणि धाकट्यानं मान हलवायची, ही रीत. बिराप्पा सगळ्यांत धाकटा. त्यामुळं आयुष्यभर फक्त मान हलवायला शिकलेला.

आता दवाखान्यात आलं की कुणी ना कुणी वयानं मोठं असणारच. हा सगळ्यांना काका, मामा, मावशी म्हणायचा. एकदा काका म्हटल्यावर हुकूम कसला देतोय? नाथाजी म्हणून आमचा मुख्य शिपाई होता, पलटणीतून हवालदार होऊन आलेला. त्याला हा म्हणायचा, “काका, जमलं तर त्या कोपऱ्यातल्या आजोबांना थिएटरात आणता का?” नाथाजी बाकावरून हलायचा नाही. “आणू की डाक्टर, च्या हुंद्या.” चहा होईपर्यंत आजोबांना पाठीवर हात देऊन डॉक्टरच घेऊन यायचे.

“डॉक्टर, हे तुमचं काम नाही,” मी म्हणायची.

“सिस्टर, त्यांचं वय झालंय.”

“वय झालंय तर घरी बसावं. इथं कशाला येतो?”

यावर हा नुसता हसायचा. मला असं वाटायचं की दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावं.

आणि दुसरीकडं आमचे मोठे डॉक्टर लालासाहेब. तेही सैन्यात मेजर होते. पुण्याला कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि तिथून डोक्यात एक खूळ घेऊन आले. म्हणे शिकाऊ डॉक्टरांत नेतृत्वगुण निर्माण करायचे. नुसतं ऑपरेशन येऊन उपयोग नाही, उद्या हीच पोरं दवाखाने चालवणार, चार माणसं हाताळता आली पाहिजेत. यात चूक काही नव्हतं. मी तर म्हटलं, बरं झालं बाई, आता बिराप्पाचं काहीतरी होईल. पण लालासाहेबांचं नेतृत्व म्हणजे आवाज. दर शनिवारी सकाळी सगळ्यांना गच्चीवर उभं करायचे आणि एकानं या टोकावरून हुकूम सोडायचा, बाकीच्यांनी त्या टोकाला कवायत करायची. “आवाज बेंबीपासून काढा,” म्हणायचे. खालच्या वॉर्डात पट्ट्या बांधून पडलेली माणसं मला विचारायची, सिस्टर, वर भांडणं लागलीत का?

त्यात भाऊसो म्हणून एक डॉक्टर होता, त्याचा आवाज पार कृष्णेच्या घाटापर्यंत जायचा. लालासाहेब त्याच्यावर खूश. बिराप्पाची पाळी आली की हा उभा राहायचा आणि हळूच म्हणायचा, “चला मग, चालूया का?”

“विनंती करतोयस का हुकूम देतोयस?” लालासाहेब गरजायचे.

“सर, भाऊसो माझ्यापेक्षा मोठे आहेत.”

सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही, संताप यायचा. एकाला वाटायचं ओरडलं की पुढारी होतो. दुसऱ्याला वाटायचं आपण गोड बोललो की सगळं आपोआप सुरळीत होतं. आणि दोघांच्या मधे मी, उकळत्या पाण्यात हत्यारं टाकत उभी.

त्या हिवाळ्यात उंब्रजला डोळ्यांचं शिबिर ठरलं. गावाबाहेरच्या शाळेत खोल्या मिळाल्या. लालासाहेबांनी बिराप्पाला बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, “हे शिबिर तू चालवायचं. मी येणार नाही. शिबिरांसाठी दवाखान्यात कायमचा डॉक्टर घ्यायचाय. तुझा हात चांगला आहे, पण माणसं सांभाळता येतात का ते मला बघायचंय.” बिराप्पानं मान हलवली.

बाहेर आल्यावर तो माझ्याजवळ थांबला. आजवर कधी काही मागितलं नव्हतं त्यानं.

“सिस्टर, उंब्रजला माझ्या चुलतीचा मोतीबिंदू काढायचाय. तेवढा नीट झाला पाहिजे.”

रंगुबाईचं मला आधी थोडंफार माहीत होतं. तिचा उजवा डोळा जत्रेत गेला होता. म्हणजे जत्रेत बसलेल्या कुणा माणसानं सुई घालून मोतीबिंदू आत ढकलून दिला, दोन दिवस दिसलं, मग डोळा पिकला आणि गेला. हा पोरगा तेव्हा शाळेत होता, तिच्या उशाशी बसून रात्रंदिवस तिचं कण्हणं ऐकलेला. डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं त्यानं तिथंच ठरवलं. आता तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. तोही गेला तर बाई ठार आंधळी. सांगलीला आणा म्हटलं तर मेंढरं सोडून ती हलायला तयार नाही. मेंढरं त्या वर्षी उंब्रजलाच, शाळेच्या मागच्या भुईमूग काढलेल्या रानात बसली होती.

ते रान नानासोंचं. गावातलं मोठं प्रस्थ, सोसायटीचे चेअरमन, शिबिराचे यजमानही तेच. अर्जुनाची मेंढरं दरवर्षी त्यांच्या रानात बसायची, रानाला खत मिळायचं आणि मेंढरांना चारा. नानासोंनी शब्द टाकला की आसपासची सगळी रानं अर्जुनाला मोकळी व्हायची. त्यांनी तोंड फिरवलं तर बांधावरसुद्धा कुणी उभं करत नव्हतं.

आदल्या दिवशी आम्ही पोचलो. एका वर्गाचं थिएटर केलं, भिंतींना धुतलेल्या चादरी लावल्या. स्टोव्ह पेटवून सगळी हत्यारं उकळली आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरून ठेवली. त्याला आम्ही ड्रम म्हणतो. एकदा बंद केलेला ड्रम ऑपरेशनला हात धुतल्याशिवाय कुणी उघडायचा नाही, हा आमचा धर्मच. सकाळी मला रुग्णांच्या पापण्यांचे केस कापायला जायचं होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, ड्रमजवळ कुणाला तरी बसवा आणि नीट ताकीद द्या. त्यांनी नाथाजीला बसवलं. ताकीद काय दिली तर, “काका, ते उघडायचं नसतं, तेवढं बघा हं.”

मी ऐकलं. ऐकून कपाळाला हात लावला. पण पुढं साठ-सत्तर म्हातारी माणसं रांगेत बसली होती, तेव्हा गेले.

अर्ध्या तासानं परत येते तर थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात उदबत्तीचा वास. बाक ओढून त्यावर पांढरं धोतर अंथरलेलं. ड्रम उघडे. आतली सगळी हत्यारं धोतरावर ओळीनं मांडलेली, आणि नानासोंची आई चंद्राबाई एकेका चाकूला हळद-कुंकू लावतेय. वर झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, बाजूला फोडलेला नारळ, आणि नारळाचं पाणी हत्यारांवर शिंपडलेलं. नाथाजी हात जोडून उभा.

मी धावत बाकापाशी गेले.

“आवं शिष्टर, हत्यारं पुजल्याबिगर काम सुरू करायचं न्हाई,” चंद्राबाई मायेनं म्हणाली. “माझ्या मालकांनी नांगर धरला तवाबी आधी पूजा. दसऱ्याला समदे करत्यात.”

खरं होतं. दसऱ्याला आम्हीसुद्धा दवाखान्यात पूजा करायचो, पण ती मोडक्या, टाकून दिलेल्या हत्यारांची. हे नाथाजीला पक्कं ठाऊक होतं.

“कुणी सांगितलं ड्रम उघडायला?” मी नाथाजीच्या अंगावर गेले.

“नानासोंनी हुकूम केला,” तो म्हणाला. “डाक्टर नुस्तं बघा म्हनलं हुतं.”

एक वाक्य. ‘मी सांगितल्याशिवाय उघडलंस तर खबरदार’ एवढं एक वाक्य त्या माणसाच्या तोंडातून निघालं असतं तर त्या बाईनं बंद ड्रमवर कुंकू लावलं असतं आणि सगळं निभावलं असतं. मी तावातावानं ओरडायला लागले. म्हटलं, ही हत्यारं डोळ्याच्या आत जातात, माहीत आहे का? डोळा पिकेल, चार दिवसांत काढून टाकावा लागेल. सगळं परत धुवायचं, उकळायचं, दुपारपर्यंत ऑपरेशन नाही.

तोवर नानासो आले, मागं प्रमुख पाहुणे. पाहुण्यांना महाबळेश्वरला जायचं होतं, गाडी रस्त्यावर चालू ठेवलेली. बरोबर फोटोवाला. पाहुण्यांसमोर पहिलं ऑपरेशन व्हायचं आणि फोटो निघायचा, असं नानासोंनी ठरवून टाकलं होतं. आणि डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून पहिला नंबर कुणाचा लावला तर रंगुबाईचा. ती बिचारी आत टेबलावर आडवी होऊन पडलेली, डोळ्यात औषध घातलेलं.

“बाई, तुमी गप ऱ्हावा,” नानासो मला म्हणाले. “देवाचं कुंकू हाय, इख न्हाई. एवढं एक आपरेशन हुंद्या, पावन्यास्नी जाऊंद्या, मग तुमची भांडी दिसभर उकळत बसा. काय डाक्टर?”

सगळे बिराप्पाकडं बघायला लागले. मीही. अर्जुना खांद्यावर घोंगडं टाकून दाराशी उभा होता, तो पुढं आला.

“बिरा,” तो म्हणाला, “नानासो म्हंत्यात तर कर की रं.”

बिराप्पा गप्प. खाली मान. त्या गप्प बसण्याचा मला असा राग आला की सांगता येत नाही. मनात म्हटलं, अरे बोल. तुझी चुलती आत पडलीय. एक डोळा असाच गेलाय तिचा. आता तरी तोंड उघड, मेल्या. फोटोवाला आत वर्गातल्या फळ्यापाशी जाऊन कॅमेरा लावायला लागला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं, आता हा मान हलवणार.

तो बाकाजवळ गेला. धोतराची चारी टोकं गोळा केली, कुंकू, फुलं, अक्षता, हत्यारं, सगळ्यासकट गाठोडं उचललं, व्हरांड्याच्या कडेला हात धुवायच्या पाण्याचं मोठं पातेलं होतं त्यात उलटं केलं. पाणी लाल झालं. वर पाकळ्या तरंगायला लागल्या.

“तात्या, न्हाई,” तो बापाला म्हणाला. “असल्या हत्यारानं मी डोळ्याला हात लावत न्हाई.”

मग नानासोंपुढं हात जोडले. “पूजा झाली, चांगलं झालं. आता हत्यारं उकळायची. पाहुण्यांना थांबता येत नसलं तर जाऊ द्या.” आवाज तोच, गच्चीवरचा. दोन हातांवरच्या माणसाला जेमतेम ऐकू जाईल असा. पण त्यात विचारणं नव्हतं.

नानासोंचं तोंड पडलं. चारचौघांत त्यांना आजवर कुणी नाही म्हटलेलं नसावं. ते डॉक्टरला सोडून अर्जुनाकडं वळले आणि शांतपणानं म्हणाले, “उद्या मेंढरं हलवा आमच्या रानातनं.” आणि पाहुण्यांना घेऊन गेले. फोटोवाला मागोमाग.

अर्जुना पोराच्या जवळ आला. “जा, पाय धर त्यांचं. मोटारीत बसायच्या आत धर. ह्या दिसात मेंढरं कुठं न्हेऊ मी? माणात गवताची काडी न्हाई.”

“तात्या, मी आत्ता जाऊ शकत न्हाई.” बिराप्पाच्या हाताला कुंकू लागलं होतं ते तो पुसत होता, पण निघत नव्हतं. “माणसं उपाशी बसल्यात. त्यांना सांगायला पाहिजे.”

आणि तो खरंच रांगेत गेला. एकेका म्हाताऱ्यापुढं उकिडवा बसून सांगत गेला की हत्यारं उघडी पडली, चूक माझी आहे, मी नीट बजावलं नव्हतं, दुपारपर्यंत थांबा, कुणाचा डोळा मी धोक्यात घालणार नाही. मला वाटलं होतं निम्मी माणसं उठून जातील. दोघं-तिघं गेली. बाकीची बसून राहिली. रंगुबाई तर टेबलावरून उतरायलाच तयार होईना. म्हणाली, मी हितंच झोपते, तुमची चूल पेटली की उठवा.

मी हत्यारं घासली. घासताना सारखं तोंड चालू होतं माझं, नाथाजीला, नानासोंना, लालासाहेबांच्या कवायतीला, सगळ्यांना शिव्या. सर्वांत जास्त बिराप्पालाच. एवढं जर येत होतं तर सकाळी का नाही आलं, माणसा? दुपारी ऑपरेशनं सुरू झाली. पहिली रंगुबाईच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर मागचं रान मोकळं. अर्जुना पहाटेच मेंढरं घेऊन निघून गेला होता. कुठल्याही बांधावर उभं करून घेतलं नाही म्हणून पार माणाच्या वाटेला लागला, असं नंतर कळलं. पोराला भेटला नाही. रंगुबाईला हलवायचं नव्हतं म्हणून ती राहिली.

आणि त्याच दिवशी दुपारी, येणार नाही म्हणणारे लालासाहेब जीप घेऊन हजर. नानासोंनी फोनवरून कान भरलेले. सगळ्यांसमोर त्यांनी बिराप्पाला झाडलं. “पुढारी माणसं जोडतो. तू यजमान तोडलास, पाहुणे घालवलेस. हे नेतृत्व?” मी मधे पडले. म्हटलं, साहेब, हत्यारांना कुंकू लागलं होतं. तर म्हणाले, सिस्टर, मला निर्जंतुकीकरण शिकवू नका, हत्यारं उकळली ते बरोबरच, पण गोडीत करता आलं असतं. ड्रम उघडलेच कसे, हे बरोबर विचारलं त्यांनी. त्यावर बिराप्पा म्हणाला, “माझी चूक, सर.” झालं. शिबिरांची जागा भाऊसोला मिळाली. गोडीत कसं करायचं असतं ते लालासाहेबांनी काही सांगितलं नाही, आणि भाऊसोचा आवाज तेवढा मला पुढं बरीच वर्षं ऐकावा लागला.

रंगुबाई दुसऱ्या दिवसापासून मला विचारत होती, मेंढरांचा आवाज का येत न्हाई? मी सांगायची, लांब चरायला गेलीत. ऑपरेशनच्या रुग्णाला त्रास नको म्हणून सगळेच तसं सांगत होते. तिसऱ्या दिवशी बिराप्पानं तिची पट्टी सोडली. डोळा स्वच्छ होता. कुठं लाली नाही, पू नाही. मी जाड भिंग तिच्या डोळ्यापुढं धरलं. तिनं त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं.

“वाळलास रं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “अर्जुना कुठं हाय?”

मी बोलायला तोंड उघडलं, पण तो आधीच खाटेपाशी खाली बसला होता.

“काकी, नानासोंनी रान बंद केलं. तात्या मेंढरं घेऊन माणाकडं गेलं. माझ्यामुळं.” आणि त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. मी त्याला खुणावत होते की आज नको, पण ऐकेल तर शपथ.

“माझ्या एका डोळ्यापायी समद्या मेंढरांच्या पोटावर पाय दिलास?”

“व्हय.”

“मला इचारलंस?”

“न्हाई.”

म्हातारी कोपरावर जोर देऊन उठायला लागली. “मला न्हेऊन सोड त्यांच्याकडं. त्यो एकटा काय करंल?”

बिराप्पानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला परत खाली निजवलं. “न्हाई. आजून हलायचं न्हाई. डोळ्यात टाकं हायती. मी सांगंपातुर पडून ऱ्हायचं.”

त्या घरात त्याला कुणी असं बोलताना ऐकलं नसणार. मग डोक्याखालची उशी तिनंच नीट केली आणि पडली. डोळ्याच्या कडेला पाणी जमायला लागलं तसा तो पुढं वाकला.

“काकी, रडायचं बी न्हाई. टाक्यावर ताण येतोय.”

तिनं ओठ घट्ट दाबून धरले. मी कापसानं कड टिपली आणि पट्टी परत बांधली. डॉक्टर उठून पुढच्या खाटेकडं गेले.